फेरुच्चो लॅम्बोर्गिनी

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी (जन्म : २८ एप्रिल १९१६, रेनात्सो, मृत्यू : २० फेब्रुवारी १९९३, पेरूजा) हे इटलीतील यंत्रज्ञ व उद्योजक होते. ट्रॅक्टर बनवणारी लॅम्बोर्गिनी त्रात्तोरी, तेलावर चालणारे बर्नर व वातानुकूलन यंत्रे बनवणारी लॅम्बोर्गिनी ब्रुचातोरी आणि वेगवान मोटारी बनवणारी ऑटोमोबिली लॅम्बोर्गिनी या कंपन्यांचे ते संस्थापक होत. जगभर त्यांचे नाव मोटारींमुळे परिचित असले, तरी मोटारींचा कारखाना काढण्यापूर्वी सुमारे दोन दशके त्यांनी मोटारदुरुस्ती व शेतीची अवजारे यांतच घालवली होती. स्वतःच्या मालकीच्या इटालियन मोटारी उघडून, त्यांतील दोष शोधून ते दूर करण्याची त्यांना आवड होती. त्यांच्या मोटार उद्योगाचा उगम या सवयीत आहे.

बालपण आणि शिक्षण

फेरुच्चो यांचा जन्म उत्तर इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रदेशातील रेनात्सो या खेड्यात झाला. हे खेडे फेर्रारा प्रांतातील चेंतो या गावाच्या हद्दीत येते. वडील आंतोनियो आणि आई एव्हेलिना यांचा द्राक्षांचा मळा होता. पो नदीच्या खोऱ्यातील हा सपाट, सुपीक मुलूख त्या काळी पूर्णपणे शेतीवर अवलंबून होता आणि नांगरणीपासून वाहतुकीपर्यंतची बहुतेक कामे बैलांच्या व माणसांच्या बळावर होत असत.

शेतकऱ्याच्या मुलाने शेती पाहावी, ही घरची रीत होती. फेरुच्चो यांचे मन मात्र पिकापेक्षा अवजारांत अधिक रमे. शेतावरील यंत्रे कशी चालतात आणि बंद पडल्यास ती का बंद पडतात, याचे त्यांना लहानपणापासून कुतूहल होते. त्यांचा हा ओढा पाहून त्यांना फ्रातेल्ली ताद्दिया या तांत्रिक शिक्षणसंस्थेत घालण्यात आले. तेथे त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी त्यांनी घेतली नव्हती. पुढे नामवंत अभियंते त्यांच्या पदरी काम करू लागले, तेव्हाही त्यांचे स्वतःचे ज्ञान कारखान्यात हाताने काम करणाऱ्या कारागिराचे होते.

ऱ्होड्स बेटावरील युद्धकाळ

१९४० मध्ये फेरुच्चो यांना सक्तीच्या लष्करी सेवेत इटलीच्या शाही हवाई दलात भरती करून घेण्यात आले. त्यांची नेमणूक एजियन समुद्रातील ऱ्होड्स बेटावर झाली. हे ग्रीक बेट त्या वेळी इटलीच्या ताब्यात होते. तेथील छावणीत ते वाहनदुरुस्तीचे काम करू लागले आणि यथावकाश वाहनांच्या देखभाल पथकाचे प्रमुख झाले.

बेटावरील कामाची अडचण उघड होती. लागणारा प्रत्येक सुटा भाग समुद्रमार्गे येई आणि युद्ध जसजसे पेटत गेले, तसतसा हा मार्ग अवघड होत गेला. अशा ठिकाणी मेकॅनिकला एका वाहनाचा भाग दुसऱ्याला बसवणे, झिजलेला भाग घासून किंवा भरून पुन्हा वापरात आणणे आणि मूळ रचनेत नसलेली जोडणी करून गाडी चालती ठेवणे भागच पडते. परदेशी बनावटीच्या वाहनांचे भाग एकमेकांना जुळवून घेण्याची हातोटी पुढे फेरुच्चो यांच्या पहिल्या ट्रॅक्टरांत ठळकपणे दिसते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धबंदी केल्यावर ऱ्होड्स जर्मन सैन्याने ताब्यात घेतले. १९४५ मध्ये युद्ध संपताना बेट ब्रिटिशांच्या हाती गेले आणि फेरुच्चो युद्धकैदी झाले. त्यांची सुटका होऊन ते १९४६ मध्ये मायदेशी परतले.

प्येव्हे दी चेंतो येथील गॅरेज

परतल्यानंतर फेरुच्चो यांनी क्लेलिया मोंती यांच्याशी संसार थाटला आणि जन्मगावाजवळच्या प्येव्हे दी चेंतो या गावी मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. १९४७ मध्ये मुलगा तोनीनो याच्या जन्माच्या वेळी क्लेलिया यांचे निधन झाले. गॅरेज नुकतेच उभे राहत असताना, तान्ह्या मुलासह एकटे पडलेले फेरुच्चो कामात गढून गेले. पुढे त्यांनी अन्निता बोर्गात्ती यांच्याशी दुसरा विवाह केला.

याच काळात त्यांनी एक जुनी फियाट तोपोलिनो विकत घेतली. १९३६ पासून बनत असलेली ही छोटी मोटार सामान्य इटालियन कुटुंबाची गाडी म्हणून प्रसिद्ध होती. तिचे मूळ इंजिन ५६९ घन सेंटिमीटरचे आणि अवघ्या १३ अश्वशक्तीचे होते. फेरुच्चो यांनी फावल्या वेळात ही मोटार पूर्णपणे उलगडली. इंजिनाचे आकारमान वाढवून ७५० घन सेंटिमीटरपर्यंत नेले, मूळचे शरीर काढून टाकले आणि तिचे दोन आसनी उघड्या मोटारीत रूपांतर केले. त्यांनी बाळगलेल्या अनेक तोपोलिनो मोटारींपैकी ही पहिली होय.

मे १९४८ मध्ये ही मोटार घेऊन ते मिल्ले मिल्या शर्यतीत उतरले. ब्रेशा शहरातून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशाला परतणारी ही शर्यत सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. तीत मोठ्या कारखान्यांच्या मोटारींबरोबर हौशी लोकांच्या घरी सजवलेल्या मोटारीही धावत. सुमारे १,१०० किलोमीटर अंतर कापल्यावर तोरिनोजवळच्या फियानो येथे फेरुच्चो यांची मोटार रस्त्याकडेच्या उपाहारगृहाच्या भिंतीवर आदळली आणि शर्यत त्यांच्यापुरती तेथेच संपली. त्या वर्षीची शर्यत क्लेमेंते बियोंदेत्ती यांनी फेरारी मोटारीतून जिंकली.

या अपघातानंतर फेरुच्चो यांचा शर्यतींचा उत्साह ओसरला. पुढे स्वतःच्या मोटार कंपनीचा अधिकृत शर्यतसंघ काढण्यासही त्यांनी सतत नकार दिला. शर्यतीवर होणारा खर्च ग्राहकाच्या मोटारीच्या उपयोगी पडत नाही, असे त्यांचे मत होते.

ट्रॅक्टर उद्योग

युद्धोत्तर एमिलियात शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते. पण नवे ट्रॅक्टर महाग होते आणि पुरेसे मिळतही नव्हते. दुसरीकडे, सैन्यांनी मागे टाकलेली वाहने आणि यंत्रसामग्री भंगाराच्या भावाने विक्रीस निघाली होती. फेरुच्चो यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. लष्करी वाहनांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि आस एकत्र जुळवून त्यांनी शेतीचा ट्रॅक्टर तयार केला. हे ट्रॅक्टर कारियोका या नावाने ओळखले जात. त्यांत ब्रिटिश बनावटीच्या मॉरिस वाहनांचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन वापरलेले होते.

पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर इटालियन शेतकऱ्याला परवडणारा नव्हता. त्यावर फेरुच्चो यांनी इंधनाचे बाष्पीकरण करणारे एक उपकरण तयार केले. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, ते तापले की स्वस्त डिझेलकडे वळवायचे, अशी त्याची योजना होती. पेट्रोल इंजिनात जड तेल थंडपणी नीट पेटत नाही. तापलेल्या इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ करून दिली तर ते चालते, या साध्या तत्त्वावर हे उपकरण आधारलेले होते. दिवसभराच्या नांगरणीत पेट्रोल केवळ सुरुवातीपुरते खर्ची पडे. त्यामुळे हा ट्रॅक्टर लोकप्रिय झाला.

१९४८ मध्ये लॅम्बोर्गिनी त्रात्तोरी ही कंपनी रीतसर सुरू झाली. भंगारातील भाग संपत आल्यावर कंपनी स्वतःच्या आराखड्यानुसार ट्रॅक्टर बनवू लागली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ती इटलीतील प्रमुख ट्रॅक्टर उत्पादकांत गणली जात होती. पुढे घरे व इमारती तापवण्यासाठी लागणारे तेलाचे बर्नर आणि वातानुकूलन यंत्रे बनवणारी लॅम्बोर्गिनी ब्रुचातोरी ही दुसरी कंपनीही निघाली. युद्धानंतर इटलीत झपाट्याने घरबांधणी होत असल्यामुळे या मालालाही मोठी मागणी होती. द्राक्षमळ्यातून आलेले फेरुच्चो आता सधन कारखानदार झाले होते.

फेरारीच्या क्लचचे प्रकरण

हाती पैसा आल्यावर फेरुच्चो यांनी वेगवान मोटारींची जुनी हौस पुरवून घेतली. त्यांच्याकडे अल्फा रोमिओ, लान्चिया, मासेराती, जॅग्वार ई-टाइप आणि मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल अशा मोटारी होत्या. १९५८ मध्ये त्यांनी मारानेल्लो येथे जाऊन पिनिनफारिना यांच्या बांधणीची फेरारी २५० जीटी घेतली. त्यानंतर आणखी काही फेरारी मोटारी त्यांच्या संग्रही आल्या.

या मोटारींचे इंजिन उत्तम आहे, असे त्यांचे मत होते. परंतु रस्त्यावरच्या दैनंदिन वापरासाठी त्या फार गोंगाट करणाऱ्या, आतून ओबडधोबड आणि मुळात शर्यतीच्या मोटारीवरच साज चढवल्यासारख्या आहेत, अशी त्यांची तक्रार होती. सर्वांत जास्त त्रास क्लचचा होई. क्लचची घर्षणचकती इंजिनाचे फिरते चाक आणि गिअरबॉक्स यांना जोडण्या-तोडण्याचे काम करते. चकती इंजिनाच्या जोराच्या मानाने कमकुवत असेल, तर ती घसरू लागते, तापते, जळका वास येतो आणि लवकर झिजते. ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावी लागते. म्हणजे चकती हातभर असली तरी काम दिवसभराचे होते. फेरुच्चो यांना यासाठी वारंवार मारानेल्लोला जावे लागे. तेथील कर्मचारी मोटार तासन्‌तास आत घेऊन जात आणि काम चालू असताना मालकाला पाहू देत नसत. स्वतः मेकॅनिक असलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष खटकली.

अखेर त्यांनी मोटार आपल्याच ट्रॅक्टर कारखान्यात उघडली. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिगतीनुसार, मोटारीतला क्लच बाजारात मिळणाऱ्या साध्या प्रकारचाच निघाला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कोठारातून त्यांनी त्याहून मोठा व मजबूत क्लच काढून बसवला आणि तक्रार मिटली. आपल्या एका २५० जीटीच्या इंजिनातही त्यांनी सुधारणा केल्या आणि ती मूळच्या मोटारीपेक्षा अधिक वेगवान झाली.

या दोषांविषयी फेरुच्चो यांनी एन्झो फेरारी यांच्याकडे प्रत्यक्ष तक्रार केली आणि एका ट्रॅक्टरवाल्याने आपल्याला मोटारींविषयी शिकवू नये, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले, ही कथा मोटारविश्वात सर्वतोमुखी झाली आहे. ती प्रामुख्याने फेरुच्चो यांच्याच उत्तरायुष्यातील सांगण्यावर आधारलेली असून तिचे तपशील वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आढळतात. अपमानाचा सूड म्हणून त्यांनी मोटार कारखाना काढला, असे या कथेच्या आधारे नेहमी सांगितले जाते. कारखाना काढण्यामागे व्यवहाराचा हिशेबही होता. महागड्या मोटारींच्या किमतीत नफ्याचा वाटा किती मोठा आहे, हे फेरुच्चो यांना मोटार उघडून पाहिल्यावर कळले होते. शिवाय, सुट्या भागांचा दर्जा, यंत्रसामग्री आणि कामगार यांबाबत ट्रॅक्टर उद्योगाचा त्यांचा अनुभव त्यांच्या हाताशी होता.

मोटारींचा कारखाना

१९६३ मध्ये फेरुच्चो यांनी मोदेना व बोलोन्या यांच्या दरम्यान असलेल्या सांतागाता बोलोन्येसे या गावी मोटारींचा नवा कारखाना उभारला. फेरुच्चो यांची जन्मरास वृषभ असल्यामुळे कंपनीच्या चिन्हावर बैल आला. पुढे बहुतेक मोटारींना झुंजीच्या बैलांशी संबंधित नावे देण्याची प्रथा पडली.

इंजिनाचे काम पूर्वी फेरारीत असलेले अभियंते ज्योत्तो बित्सारीनी यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी सुमारे साडेतीन लिटर क्षमतेचे, इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे दोन रांगांत मांडलेल्या १२ सिलिंडरांचे आणि चार कॅमशाफ्टचे इंजिन तयार केले. ते अतिशय जोरकस होते, पण त्याचा स्वभाव शर्यतीच्या इंजिनाचा होता. त्याला वंगणासाठी शर्यतीच्या मोटारीप्रमाणे वेगळी तेलटाकी होती, त्याची रचना महाग होती आणि त्याचा खरा जोर खूप जास्त फेऱ्यांवर मिळे. फेरुच्चो यांना मात्र दूरच्या प्रवासात न कुरकुरता चालणारे इंजिन हवे होते. यावरून मतभेद झाले आणि बित्सारीनी कंपनीतून बाहेर पडले. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्त्सानी या तरुण अभियंत्यांनी तेच इंजिन सौम्य केले. वेगळ्या तेलटाकीऐवजी नेहमीची तळाशी तेल साठवणारी रचना आली, कार्ब्युरेटरांची मांडणी बदलली आणि शक्ती कमी करून टिकाऊपणा वाढवण्यात आला. चाचणी चालक म्हणून न्यूझीलंडचे बॉब वॉलेस रुजू झाले.

३५० जीटीव्ही ही पहिली मोटार १९६३ च्या तोरिनो मोटार प्रदर्शनात मांडण्यात आली. फ्रांको स्काल्योने यांनी तिचे बाह्यरूप रेखाटले होते. प्रदर्शनाच्या घाईत इंजिन त्या बॉनेटखाली मावत नसल्याचे लक्षात आले. तेव्हा मोटार योग्य उंचीवर दिसावी म्हणून इंजिनाच्या जागी विटांचे वजन ठेवून झाकण बंद ठेवण्यात आले.

१९६४ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आलेली ३५० जीटी ही प्रत्यक्ष विक्रीस आलेली पहिली लॅम्बोर्गिनी होय. तिचे शरीर मिलानच्या टुरिंग या संस्थेने बनवले होते. चालवण्यास सौम्य, आतून सुबक आणि शांत असलेल्या या मोटारीत फेरुच्चो यांना फेरारीमध्ये जे खटकले होते, ते टाळण्याचा प्रयत्न दिसतो. तिच्या सुमारे १२० मोटारी तयार झाल्या. त्यानंतरच्या ४०० जीटीमध्ये इंजिनाची क्षमता वाढवली गेली आणि बाहेरून घेतलेल्या गिअरबॉक्सऐवजी कंपनीची स्वतःची गिअरबॉक्स आली.

मिउरा

कंपनीला जगभर कीर्ती मिळवून देणारी मोटार मात्र फेरुच्चो यांच्या मूळ कल्पनेतील नव्हती. दाल्लारा, स्तान्त्सानी आणि वॉलेस या तिघांनी कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या वेळात एक वेगळा आराखडा तयार केला. तीत १२ सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या मागे आणि मोटारीला आडवे बसवले होते. तिघांचेही वय तेव्हा तिशीच्या आत होते. फेरुच्चो यांनी कंपनीची जाहिरात होईल एवढ्या अपेक्षेने कामाला परवानगी दिली. १९६५ च्या तोरिनो प्रदर्शनात केवळ उघडा सांगाडा मांडला गेला, तरीही ग्राहकांनी मागणी नोंदवण्यास सुरुवात केली. बेर्तोने या संस्थेत काम करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनी यांनी तिचे शरीर रेखाटले आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हा येथे पूर्ण मोटार सादर झाली.

स्पेनमधील झुंजीच्या बैलांच्या प्रसिद्ध पैदासकार घराण्यावरून तिला मिउरा हे नाव देण्यात आले. ३,९२९ घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन प्रारंभी ३५० अश्वशक्तीचे होते. १९७१ च्या मिउरा एसव्हीमध्ये ही शक्ती ३८५ पर्यंत गेली. १९७३ पर्यंत सुमारे ७६० मिउरा तयार झाल्या. १९६८ मध्ये चार आसनी एस्पादा आणि इस्लेरो या मोटारी आल्या. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात गांदिनी यांनीच रेखाटलेल्या कुंताशचा पहिला नमुना दाखवण्यात आला.

मोटारींची देखभाल

फेरुच्चो यांच्या काळातील मोटारी आज दुर्मिळ व मौल्यवान झाल्या असल्या, तरी त्यांची यांत्रिक रचना संगणकपूर्व काळातील आहे. त्यामुळे पाने, मापनपट्ट्या आणि चिकाटी असलेला मालक त्यांची बरीचशी नेहमीची कामे स्वतःच्या गॅरेजमध्ये करू शकतो. या कामांवरून मोटारींच्या रचनेतील गुणदोष स्पष्ट होतात.

३५० जीटीमध्ये प्रत्येकी दोन नळ्यांचे सहा वेबर कार्ब्युरेटर आहेत, तर मिउरामध्ये प्रत्येकी तीन नळ्यांचे चार. म्हणजे दोन्हींत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळते आणि इंजिन सुरळीत चालण्यासाठी या बाराही नळ्यांतून सारखी हवा जावी लागते. हवेचा प्रवाह मोजणारे साधे उपकरण एकेका नळीवर ठेवून, झडपांना जोडणारे दांडे थोडे थोडे वळवत हे संतुलन साधले जाते. एक नळी जरी मागे राहिली, तरी इंजिन मंदगतीत अडखळते आणि स्पार्क प्लग काळे पडतात. इंजिनाच्या २४ झडपांचे अंतर पातळ पात्यांच्या मापाने तपासून, ते बिघडले असल्यास ठरावीक जाडीच्या चकत्या घालून दुरुस्त करावे लागते. कॅमशाफ्ट साखळीने फिरतात. रबरी पट्ट्याप्रमाणे त्या ठरावीक काळाने बदलाव्या लागत नसल्या, तरी त्यांचा ताण तपासावा लागतो. थंड इंजिन लगेच जोरात फिरवू नये, आधी तेल तापू द्यावे, हा नियम या मोटारींना कसोशीने लागू पडतो.

मिउराची देखभाल याहून कठीण आहे. तिचे पुढचे व मागचे शरीर बिजागऱ्यांवर पूर्ण उचलले जाते, हे सोयीचे असले, तरी आडव्या इंजिनाची पुढची रांग आसनांमागच्या भिंतीला जवळजवळ भिडलेली असल्याने तेथे हात पोहोचणे अवघड जाते. पहिल्या मिउरांत जागा वाचवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव आवरणात बसवून दोघांना एकच तेल दिलेले होते. गिअरच्या दात्यांची झीज होऊन निघालेला धातूचा कीस त्याच तेलातून इंजिनाच्या बेअरिंगांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तेल आणि गाळणी वेळच्या वेळी बदलणे तेथे अत्यावश्यक ठरते. नंतरच्या एसव्ही मोटारींत दोन्ही तेले वेगळी करण्यात आली. दुसरा धोका आगीचा आहे. शर्यतीच्या धर्तीचे कार्ब्युरेटर मंदगतीत गळू लागले, तर पेट्रोल इंजिनावर साचते आणि इंजिनाच्या एखाद्या उलट्या भडक्याने पेट घेते. काही मिउरा अशा आगीत नष्ट झाल्या आहेत. यामुळे जाणकार मालक इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि त्यांच्या जोडांची सर्वप्रथम तपासणी करतात.

क्लचच्या तक्रारीतून जन्मलेल्या कंपनीची सर्वांत प्रसिद्ध मोटार मेकॅनिकची अशी परीक्षा पाहणारी निघाली. फेरुच्चो यांना अभिप्रेत असलेली सौम्य, विश्वासार्ह प्रवासी मोटार ३५० जीटी, ४०० जीटी आणि एस्पादा यांत अधिक आढळते. २०१५ पासून कंपनीचा पोलो स्तोरिको हा विभाग जुन्या मोटारींची पुनर्बांधणी, त्यांच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र आणि सुट्या भागांचा पुरवठा ही कामे पाहतो.

उद्योगातून निवृत्ती

साठच्या दशकाच्या अखेरीस इटलीत कामगार संघटनांचे संप आणि आंदोलने वाढली. त्यांची झळ लॅम्बोर्गिनीच्या कारखान्यांनाही बसली. ट्रॅक्टर कंपनीचे जवळजवळ निम्मे उत्पादन निर्यात होत असे. १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आयातदाराने आपल्या मागण्या रद्द केल्या. त्याच वर्षी बोलिव्हियात लष्करी उठाव होऊन आलेल्या नव्या सरकारने ट्रॅक्टरांची मोठी मागणी रद्द केली. त्यांपैकी काही माल जेनोआ बंदरातून रवाना होण्याच्या तयारीत होता. काम कमी झाले, तरी कामगार कमी करणे शक्य नव्हते. अखेर ट्रॅक्टर कंपनी सामे या इटालियन ट्रॅक्टर उत्पादकाकडे गेली.

१९७२ मध्ये फेरुच्चो यांनी मोटार कंपनीतील ५१ टक्के हिस्सा स्विस उद्योजक जॉर्ज-आन्री रोसेत्ती यांना विकला. १९७३ च्या तेलसंकटाने महागड्या आणि भरपूर पेट्रोल पिणाऱ्या मोटारींची मागणी कोसळली. १९७४ मध्ये उरलेला ४९ टक्के हिस्सा रने लाइमर यांनी घेतला. कुंताश ग्राहकांच्या हाती पडू लागली, त्याच वर्षी फेरुच्चो यांचा मोटार कंपनीशी असलेला मालकीचा संबंध संपला. त्यांच्या नावाने चालणारी ही कंपनी १९७८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर ती अनेक हातांतून गेली. १९८७ मध्ये ती क्रायस्लरने घेतली आणि १९९८ पासून ती आउडीच्या मालकीची आहे.

फेरुच्चो यांनी उंब्रिया प्रदेशात, त्रासिमेनो सरोवराच्या काठी ला फियोरिता नावाची मोठी शेतजमीन घेतली होती. व्यवसायातून मोकळे झाल्यावर ते तेथे राहू लागले आणि आईवडिलांप्रमाणे द्राक्षे पिकवून मद्यनिर्मिती करू लागले. त्यांच्या लाल मद्याला मिउराचे रक्त अशा अर्थाचे इटालियन नाव होते. मळ्यावरच्या वास्तव्यातही ट्रॅक्टर व यंत्रे यांच्याशी त्यांचा संबंध तुटला नाही. तिसरी पत्नी मारिया तेरेसा काने यांच्यापासून त्यांना पात्रित्सिया ही कन्या झाली.

निधन आणि वारसा

फेब्रुवारी १९९३ मध्ये फेरुच्चो यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, २० फेब्रुवारी रोजी पेरूजा येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुलगा तोनीनो यांनी १९९५ मध्ये फेर्रारा प्रांतातील दोस्सो येथे वडिलांच्या स्मरणार्थ संग्रहालय सुरू केले. २०१४ मध्ये ते बोलोन्याजवळच्या फुनो दी आर्जेलातो येथे हलवण्यात आले. त्यात भंगारातून जुळवलेल्या पहिल्या ट्रॅक्टरपासून मिउरापर्यंतची यंत्रे एकाच छताखाली ठेवली आहेत. लॅम्बोर्गिनी या नावाचे ट्रॅक्टर आणि मोटारी आज परस्परांशी संबंध नसलेल्या दोन वेगळ्या कंपन्या बनवतात. दोहोंचा आरंभ मात्र प्येव्हे दी चेंतोच्या त्याच दुरुस्तीच्या गॅरेजात झाला.